मूरवरून समुद्राकडे: ऑस्मदर्ली ते रॉबिन हूड्स बे, पायी

मूर म्हणजे काय ते आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे सारखं थांबायला नको. उंचावरचा लांबच लांब बिनझाडाचा माळ, खाली काळी ओली माती, वर गुडघाभर हेदरची झुडपं, आणि दिवसभर वारा. इंग्लंडच्या ईशान्येला, यॉर्कच्या वरच्या अंगाला अशा माळांचा मोठा पट्टा आहे, नॉर्थ यॉर्क मूर्स, १९५२ पासून नॅशनल पार्क. वर घरं जवळजवळ नाहीतच, गावं सगळी खाली दऱ्यांमध्ये, त्यामुळे दिवसा वर चालायचं आणि रात्री खाली उतरून एखाद्या जुन्या पबच्या वरच्या मजल्यावर झोपायचं, असा सगळा हिशोब. ऑगस्टच्या शेवटी हेदर फुललेलं असतं आणि सगळा माळ जांभळा दिसतो, ते फोटो माझ्या नणंदबाईंनी गेली कित्येक वर्षं पाठवून पाठवून माझं डोकं खाल्लं होतं.

ताई लीड्सला असतात, फिजिओथेरपिस्ट आहेत, माझ्यापेक्षा सहा वर्षांनी मोठ्या आणि चालायला माझ्यापेक्षा दुप्पट. इंग्लंडच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या सेंट बीजपासून पूर्वेच्या रॉबिन हूड्स बेपर्यंत कोस्ट टू कोस्ट म्हणून एक वाट आहे, साधारण ३०० किलोमीटर, आल्फ्रेड वेनराइट या माणसानं १९७३ साली जोडून दिलेली. पूर्ण करायला लोक दोन आठवडे घेतात. आम्ही फक्त शेवटचा मूरवरचा तुकडा घ्यायचा ठरवला. खोल्या ताईंनी फेब्रुवारीतच बुक केल्या होत्या कारण ह्या पबांत चारपाच खोल्याच असतात आणि ऑगस्टला त्या मिळत नाहीत. मोठ्या बॅगा एका पबमधून दुसऱ्या पबात पोचवणाऱ्या गाड्या मिळतात, त्यामुळे पाठीवर फक्त पाणी, रेनकोट आणि खाऊ. खाऊ म्हणजे साताऱ्याहून नेलेली राजगिऱ्याची चिक्की, आणि ताईंची मेथीची खाकरे, आणि भरपूर.

मंगळवार, ऑस्मदर्ली

बँक हॉलिडेचा, म्हणजे सरकारी सुट्टीचा, सोमवार संपला की गर्दी ओसरते म्हणून मंगळवारी निघालो. लीड्सहून ट्रेननं नॉर्दॅलर्टन, तिथून बसनं ऑस्मदर्ली. दगडी घरांचं छोटंसं गाव, मधे चौक, चौकात जुना क्रॉस आणि त्याच्या शेजारी एक बुटकं दगडी टेबल. जॉन वेस्ली, म्हणजे ज्यांनी मेथडिस्ट पंथ काढला ते, ह्या टेबलावर उभे राहून प्रवचन करायचे असं सांगतात. पूर्वी त्यावर बाजाराच्या दिवशी मासे नि अंडी मांडायचे. आमच्या वेळी त्यावर एका सायकलवाल्यानं हेल्मेट आणि अर्धं सँडविच ठेवलेलं होतं.

एवढ्याशा गावांत पब कसे टिकले असतील हा प्रश्न मला पहिल्या संध्याकाळीच पडला, आणि त्याचं एक उत्तर गावामागच्या टेकड्यांवरच आहे. तिथून ड्रोव्ह रोड जातो, म्हणजे स्कॉटलंडहून गुरांचे कळप दक्षिणेच्या बाजारांना चालवत नेण्याचा रस्ता. खालच्या पक्क्या रस्त्यांवर टोल पडायचा म्हणून गुराखी मुद्दाम मूरवरून जायचे, आणि त्यांच्यासाठी वर पब निघाले. त्यातल्या एका पबवर पाटी होती की घाई करू नका, आत या, चव घ्या, उद्या बीअर फुकट. तो पब आता पब राहिलेला नाही पण पाटीची गोष्ट अजून सगळे सांगतात.

रात्री शेजारच्या टेबलावर लाइक वेक वॉक करणारी मंडळी होती. हा प्रकार १९५५ साली बिल काउली नावाच्या एका शेतकऱ्यानं सुरू केला, ह्याच गावाजवळून निघायचं आणि मूर आडवा तुडवत समुद्रापर्यंत ४० मैल २४ तासांच्या आत. नाव प्रेताशेजारी रात्रभर जागताना म्हणायच्या जुन्या गाण्यावरून घेतलंय, बिल्ला शवपेटीच्या आकाराचा, पूर्ण करणाऱ्या पुरुषांना डर्जर म्हणतात आणि बायकांना विच. ती मंडळी रात्री अकराला निघणार होती आणि त्यांनी आम्हाला विचारलं तुम्ही किती दिवसांत, ताई म्हणाल्या आम्ही जेवत जेवत जाणार आहोत.

बुधवार, ऑस्मदर्ली ते क्ले बँक

सकाळी इंग्लिश ब्रेकफास्ट, माझ्यासाठी व्हेज सॉसेज, बेक्ड बीन्स, परतलेले मश्रूम, टोस्ट, आणि चहाची किटली. मी सुरुवातीला म्हणलं एवढं कोण खाणार, आणि खाल्लं सगळं.

आजचा दिवस म्हणजे चढ-उतार, चढ-उतार, अगदी वात आणणारे. आधी जंगलातून वर स्कार्थ वूड मूर, मग खाली रस्ता, मग लिव्ह मूर, कार्लटन मूर, परत खाली, क्रिंगल मूर, परत खाली, कोल्ड मूर, परत खाली, हेस्टी बँक, आणि शेवटचं परत खाली. वाट बऱ्याच ठिकाणी मोठमोठ्या दगडी फरशांनी बांधलेली आहे, नाहीतर इतक्या पायांखाली चिखलच झाला असता. हाच तुकडा क्लीव्हलंड वे म्हणून १९६९ पासूनचा सरकारी नॅशनल ट्रेल पण आहे, त्यामुळे पाट्या भरपूर, हरवायला जागाच नाही.

लिव्ह मूरच्या चढाला लागलो आणि झाडं संपली की एकदम हेदर. फोटोत दिसतो तसा गुलाबट नाही, जवळून बघितलं तर प्रत्येक काडीवर तांदळाच्या दाण्याएवढी शेकडो फुलं, काही फिकट, काही गडद, आणि मधमाश्यांचा एवढा आवाज की बोलताना आवाज चढवावा लागत होता. कडेला लाकडी पेट्या, मधमाश्यांच्या, पाळणारे लोक खालून मुद्दाम गाडीत घालून महिनाभरासाठी वर आणून ठेवतात. बुटांवर आणि पँटच्या खालच्या बाजूला फुलांची फिकट भुकटी बसते ती संध्याकाळपर्यंत जात नाही.

डावीकडे कडा सरळ तुटलेला आणि खाली सपाट शेतं, पलीकडे मिडल्सब्रोच्या चिमण्या, त्याही पलीकडे समुद्राची रेघ. रोझबेरी टॉपिंग नावाची टोकदार टेकडी दिसते, तिचं एक अंग १९१२ साली कोसळलं, खाली खाणी होत्या. शेजारच्या टेकडीवर दर्यावर्दी कॅप्टन कुकचा मनोरा. कुक ह्याच भागातला, जन्म १७२८, आणि समुद्राची नोकरी जवळच्या व्हिटबी बंदरात शिकला. मिडल्सब्रोचं पोलाद म्हणजे सिडनी हार्बर ब्रिज, हे मला माहीत होतं. तिथल्या कारखान्यांत टाटांचाही काही वर्षं हात होता हे ताईंनी सांगितलं, २००७ ला कोरस ही पोलाद कंपनी घेतली तेव्हा.

कार्लटन मूरच्या कड्याजवळ जमीन एकदम बदलते. हेदर नाही, गवत नाही, लालसर-करडी भुसभुशीत माती, ढिगारेच ढिगारे. मला वाटलं दरड कोसळली असेल. ताई म्हणाल्या, "अगं तुरटी आहे ही." म्हणजे तुरटीचा कारखाना. सतराव्या-अठराव्या शतकात इथला शेल दगड खणून त्याचे प्रचंड ढीग रचायचे आणि ते महिनोन्‌महिने धुमसत ठेवायचे, मग तो भाजलेला दगड पाण्यात भिजवायचा, ते पाणी आटवायचं आणि त्यात समुद्री शेवाळाची राख नाहीतर माणसांची लघवी घालायची, मग तुरटी खाली बसायची. कपडे रंगवणाऱ्यांना तुरटी लागायची, नाहीतर रंग टिकत नाही. लघवी इतकी लागायची की लंडनहून जहाजांतून पिंपं भरून यायची. मी तिथंच एका ढिगावर बसून चीज-लोणच्याचं सँडविच खाल्लं, ही माहिती मिळाल्यानंतर.

क्रिंगल मूरच्या उतारावरही तसेच बारके ढीग एका रांगेत दिसतात. ते जेटच्या खाणींचे. जेट म्हणजे कोट्यवधी वर्षांपूर्वीच्या झाडांचं दगड झालेलं काळंभोर लाकूड, १८६१ ला राणी व्हिक्टोरियाचा नवरा गेला आणि राणीनं शोकाचे दागिने म्हणून जेट घातलं तशी सगळ्या इंग्लंडला ती फॅशन लागली. तिच्या त्या दुःखापायी ह्या डोंगराला भोकं पडली.

तिथपासून मला एक नादच लागला. मी आले होते निसर्ग बघायला, मोकळं रान वगैरे, आणि जिथं पाय ठेवावा तिथं कुणीतरी आधीच काहीतरी काढून नेलेलं.

क्ले बँकला वर पब नाही, फक्त रस्ता आणि कार पार्क. दरीतल्या पबवाल्यांना फोन केला की गाडी पाठवतात आणि सकाळी परत वर सोडतात, हे बुकिंग करतानाच विचारून घ्यायचं. संध्याकाळी दरीवर एक उंच टीव्हीचा टॉवर दिसत होता. इथला जुना टॉवर २०२१ च्या ऑगस्टमध्ये जळला आणि टीव्ही गेला, ह्या भागातल्या लाखो घरांत. पबमधल्या एका आजोबांनी ती गोष्ट इतक्या रसाळपणे सांगितली की टीव्ही गेला होता तेच बरे दिवस होते असं वाटावं.

गुरुवार, क्ले बँक ते ब्लेकी

धुकं. सकाळी खिडकी उघडली तर समोरचं कुंपण सुद्धा दिसेना.

उर्रा मूरवर चढलो, तिथं राउंड हिल म्हणून जागा आहे, ४५४ मीटर, ह्या सगळ्या मूर्समधली सगळ्यात उंच, आणि ती टेकडी सुद्धा खरी टेकडी नाही, ब्राँझ युगातल्या माणसांनी मेलेल्यांना पुरण्यासाठी रचलेला ढीग आहे. हेच ते लोक ज्यांनी इथली झाडं तोडली. तीनेक हजार वर्षांपूर्वी इथं रान होतं, ओक, बर्च, हेझल. त्यांनी शेतीसाठी ते साफ केलं, पावसानं मातीतला कस धुऊन खाली नेला, माती आंबट झाली, शेती होईना, मग लोक खाली दऱ्यांत गेले आणि वर हेदर राहिलं. मूर म्हणजे नापीक करून सोडलेलं शेत, असं म्हणायला हरकत नाही.

वाटेत दोन जुने दगड लागतात. एकावर हात कोरलेला आहे आणि कुठल्या गावाला कुठून जायचं ते लिहिलंय, १७११ च्या सुमाराचा, तेव्हा रस्त्यांच्या चौकांवर असे दगड लावायचा हुकूम निघाला होता. दुसऱ्यावर एक चेहरा, डोळे गोल, तोंड बारीक रेघ. तो धुक्यातून एकदम समोर आला आणि ताई चक्क ओरडल्या. मी हसले नाही, म्हणजे तेव्हा तरी हसले नाही.

आणि ग्राउझ. हा तपकिरी लालसर कोंबडीएवढा पक्षी हेदरमध्ये दडून बसतो आणि अगदी पायापाशी आलो की फडफड करून उडतो आणि जाताना जो ओरडतो ते हुबेहूब "गो बॅक, गो बॅक, गो बॅक". धुक्यात दिसत काहीच नाही आणि चारी बाजूंनी परत जा परत जा. इमिग्रेशनच्या लायनीत सुद्धा मला कुणी इतकं स्पष्ट म्हणालं नव्हतं.

ह्या पक्ष्यापायी आजचा मूर आजच्यासारखा आहे. १२ ऑगस्ट ते १० डिसेंबर शिकारीचा सीझन. वाटेच्या बाजूला थोड्या थोड्या अंतरावर कंबरेएवढ्या दगडी भिंतींचे आडोसे असतात, वर हेदरची ढेकळं रचून लपवलेले, एका रांगेत, प्रत्येकावर नंबर. मी एकात जाऊन उभी राहिले. आत लाकडी फळी, बंदूक टेकवायला गुळगुळीत झालेला दगड, पायाखाली जुन्या काडतुसांचे फिके तुकडे. पलीकडून लोक झेंडे हलवत हाकारे घालत येतात, पक्षी उडून ह्या रांगेवरून जातात आणि इथले बंदूकवाले पैसे भरून उभे असतात. आणि पक्ष्यांसाठी मूरवर ठिकठिकाणी बारक्या पेट्या ठेवलेल्या, त्यात बारीक खडी. हेदर पचायला पक्ष्याला पोटात खडी लागते, त्याच खडीला जंताचं औषध लावलेलं असतं. औषधपाणी करून वाढवायचे आणि मग मारायचे, ताई म्हणाल्या, "आपण कोंबड्यांचं वेगळं काय करतो?" हे त्या शाकाहारी माणसाला विचारत होत्या.

ह्या पक्ष्याला खायला हेदरचे कोवळे कोंब पाहिजेत आणि लपायला जुनं उंच हेदर, म्हणून गेमकीपर, म्हणजे शिकारीचा माळ राखणारे लोक, दर हिवाळ्यात तुकड्या-तुकड्यानं माळ जाळतात. दुपारी धुकं उठलं तेव्हा ते नीट दिसलं, काळे पट्टे, हिरवे पट्टे, जांभळे पट्टे, सगळ्या वयाचे. आमच्याकडे यवतेश्वरच्या बाजूला उन्हाळ्यात वणवा लागला की दोन दिवस वास जात नाही आणि कुणाचा ताबा राहत नाही, इथं थंडीत, ओल्या मातीवर, वारा बघून, झाडूसारखे लांब फावडे घेतलेले चार माणसं उभी करून आग लावतात. ह्याच्यावर भांडणंही आहेत. पीट म्हणजे दलदलीची साठलेली माती, तिच्यात कार्बन असतो, ती जळता कामा नये असं पर्यावरणवाले म्हणतात, आणि जाळलं नाही तर एक दिवस भडका उडेल असं कीपर म्हणतात. पबात मी एका कीपरला विचारलं तर तो म्हणाला, न जाळता दहा वर्षं ठेवून बघा. ताईंनी त्याला विचारलं की पक्षी नसते तर मूर कुणी सांभाळला असता का, त्यावर तो बराच वेळ ग्लासकडे बघत बसला आणि मग म्हणाला मेंढ्या.

ब्लोवर्थ क्रॉसिंगला क्लीव्हलंड वे डावीकडे वळतो आणि आपण सरळ एका जुन्या रेल्वेच्या बांधावर येतो. पुढे सगळं सपाट, पायाखाली काळी खंगरं, इंजिनांच्या भट्टीतली. १८५० च्या दशकात पलीकडच्या रोझडेल दरीत लोखंडाचा चांगला दगड सापडला आणि १८६१ ला ही रेल्वे आली, डरहॅमकडच्या भट्ट्यांना माल न्यायला, तीही समुद्रसपाटीपासून चारशे मीटर उंचीवर. कड्यावरून खाली उतरवताना गाड्या दोराला बांधून सोडायचे, एकास पाचचा उतार, भरलेल्या वाघिणी खाली येताना रिकाम्यांना वर ओढायच्या. १९२९ ला बंद झाली, रूळ उचलून नेले. बर्फात गाड्या अडकायच्या, वर राहणाऱ्या बायका-पोरं खालच्या गावांना दिवसेंदिवस तोडलेली असायची. आता फक्त फार्नडेल दरीच्या डोक्यावरून वळत जाणारा बांध, आणि आम्ही दोघी, आणि मागून येणारा एक कुत्रावाला. दोन तास असंच चालायचं, चढ नाही उतार नाही. काही लोकांना हा भाग कंटाळवाणा वाटतो. मला सगळ्यात आवडला.

मग वर टेकाडावर लायन इन दिसतं. ह्या सगळ्या प्रवासात रात्रीची जागा वरच, मूरवरच, असलेला हा एकटाच पब, चारशे मीटरवर, सोळाव्या शतकातला. आत छत इतकं बुटकं की मी सुद्धा वाकले, काळ्या तुळया, मोठी शेकोटी ऑगस्टमध्येही पेटवलेली, कोपऱ्यांत कोपरे. खाणकामगार इथं यायचे, जवळ कोंबड्यांच्या झुंजीचा खड्डा होता असं सांगतात. २०१० च्या हिवाळ्यात बर्फामुळे माणसं काही दिवस ह्याच पबात अडकून पडली होती. बीअर आणि चिप्स असताना अडकायला काय हरकत आहे, असं मला वाटतं. मश्रूम स्ट्रॉगनॉफ, नंतर स्टिकी टॉफी पुडिंग विथ कस्टर्ड, ते आम्ही एक घेऊन दोन चमचे मागितले आणि मग दुसरं मागवलं. बाहेर वारा इतका की पार्किंगमधल्या पाटीचा रात्रभर आवाज.

शुक्रवार, ब्लेकी ते ग्रॉसमंट

लांबचा दिवस, एकवीसेक किलोमीटर, पण बहुतेक उताराचा.

सुरुवातीला रस्त्याच्या कडेनं. राल्फ क्रॉस नावाचा उंच दगडी क्रॉस लागतो, नॅशनल पार्कच्या चिन्हावर तोच आहे. पुढे फॅट बेटी. हा पण जुना क्रॉस, पण बुटका, लठ्ठ, पांढरा रंगवलेला, वर गोल डोकं. इथं रीत अशी की काहीतरी खाऊ ठेवायचा आणि दुसऱ्या कुणी ठेवलेला उचलायचा. दगडाच्या खाचेत चॉकलेटं, मिंट, एक सोललेलं नसलेलं संत्रं, एक ओला झालेला केक. ताईंनी राजगिऱ्याची चिक्की ठेवली, वर मार्करनं इंग्रजीत लिहिलं काय आहे ते, नट्स नाहीत हे सुद्धा, आणि मिंट उचलली. मागे वळून बघितलं तर दोन तरुण मुलं ती चिक्की हातात घेऊन उलटसुलट करत होती. एकानं खाल्ली. दुसऱ्यानं परत ठेवली.

ट्राउफ हाउस नावाची शिकाऱ्यांची एकटी दगडी खोली, कुलूप. ग्रेट फ्रायअप दरीच्या डोक्यावरून वाट जाते, खाली हिरवीगार शेतं, दगडी भिंती, मेंढ्या. मूरवर मेंढ्यांना कुंपण नसतं. आईकडून कोकराला कळतं आपली जागा कुठली, आणि कळप पिढ्यानपिढ्या त्याच डोंगरावर चरतो, म्हणून कळप विकला तरी शेताबरोबरच विकतात.

ग्लेसडेलला उतरलो की एस्क नदी आणि तिच्यावर बेगर्स ब्रिज, एका कमानीचा, १६१९ चा. गरीब मुलगा, श्रीमंताची मुलगी, निघायच्या आदल्या रात्री निरोप घ्यायला गेला तर नदीला पूर, पलीकडे जाता आलं नाही. मग समुद्रावर जाऊन पैसे कमावून आला, लग्न केलं, आणि पूल बांधला. मुलगा टॉम फेरिस, पुढे हल शहराचा मेयर झाला. पुलाखाली बूट काढून पाय पाण्यात सोडले, पाणी चहाच्या रंगाचं, पीटमुळे. ताईंनी माझ्या टाचांची तपासणी केली आणि एक फोड प्लास्टरनं झाकला, बाकी "चालेल" म्हणाल्या.

एग्टन ब्रिज नावाच्या गावात नदीतून दगडांवरून उड्या मारत जायचं. १६७९ ला यॉर्कला फाशी दिलेला निकोलस पोस्टगेट हा कॅथलिक पाद्री इथला, ऐंशी ओलांडलेला म्हातारा, गुपचूप लोकांकडे जाऊन प्रार्थना चालवायचा एवढाच गुन्हा. पुढच्या खाजगी रस्त्यावर जुन्या टोलचा फलक अजून आहे, घोडा एवढे पैसे, गाडी एवढे, आणि शववाहिनीचाही दर दिलेला.

ग्रॉसमंटला पोचलो आणि कोळशाच्या धुराचा वास. इथली रेल्वे जॉर्ज स्टीफन्सननं १८३६ ला केली, सुरुवातीला घोडे ओढायचे. १९७३ पासून हौशी लोकांच्या संस्थेनं पुन्हा चालू केलीय, वाफेची इंजिनं, स्वयंसेवक गार्ड, हिरवे झेंडे. खोली रेल्वेजवळच होती, खिडकी नीट लागत नव्हती आणि इंजिनाची काजळी उशीवर. तक्रार करण्याइतकी ताकद नव्हती. जेवायला व्हेज पाय, वाटाण्यांचा गोळा, ग्रेव्ही. ग्रेव्ही व्हेज आहे का विचारल्यावर स्वयंपाकघरात तीन माणसांची चर्चा झाली आणि शेवटी वेगळी करून दिली.

शनिवार, ग्रॉसमंट ते समुद्र

पहिल्याच चढाला रस्ता एकास तीन. मान वर केली की फक्त डांबर. अर्ध्या तासात स्लाइट्स मूरवर आलो, शेवटचा मोठा हेदरचा तुकडा. दक्षिणेला क्षितिजावर फायलिंगडेल्सचा करडा, टोक कापलेला पिरॅमिड, हवाई दलाचं रडार, क्षेपणास्त्र आलं तर आधी कळावं म्हणून, १९६३ पासून इथं आहे, पूर्वी तीन पांढरे गोल चेंडू होते. उजवीकडे हे रडार, पाठीमागे लोखंड, तुरटी, जेट. म्हणजे ह्या माळावर कधीच कुणी स्वस्थ बसलेलं नाही.

मग लिटलबेकच्या जंगलात शिरलो आणि चार दिवसांनंतर पहिल्यांदा दाट झाडी. एका मोठ्या खडकात पूर्ण खोली कोरलेली आहे, आत बाक, दारावर १७९० असं कोरलंय. नंतर फॉलिंग फॉस धबधबा, त्याच्या डोक्याशी जुन्या घरात चहाची बाग, स्कोन, जॅम, क्रीम, आणि गांधीलमाश्या. एका तासाच्या वर बसलो तिथं.

पुढचा ओला मूर वाईट होता. फरशा नाहीत, वाट चिखलात विरघळते, कापसासारख्या पांढऱ्या झुपक्यांचं गवत दिसलं की समजायचं पाय आत जाणार. गेला. रस्त्याला लागल्यावर जवळच नव्या खाणीचं काम आहे, पॉलिहॅलाइट म्हणजे खताचा खनिज दगड, दीडएक किलोमीटर खाली, आणि माल बाहेर दिसू नये म्हणून ३७ किलोमीटरचा बोगदा थेट टीस नदीवरच्या बंदराकडे. नॅशनल पार्क आहे म्हणून टॉवर झाडीत लपवलेत. तुरटीवाल्यांनी बिचाऱ्यांनी काही लपवलं नव्हतं.

हॉस्करच्या पुढे एका कॅरॅव्हॅन पार्कमधून वाट जाते आणि एकदम समुद्र. कड्यावरून शेवटचे पाचेक किलोमीटर, खाली लाटा, कावळ्यांसारखे जॅकडॉ, आणि वाटेत येणारे-जाणारे सगळे विचारतात, पूर्ण वाट केली का. आम्ही सांगायचो नाही, मूर फक्त. मग चेहरा जरा पडायचा त्यांचा.

रॉबिन हूड्स बे हे गाव उतारावर एकमेकांच्या डोक्यावर बसवलेलं आहे, गल्ल्या इतक्या अरुंद की दोघी शेजारी चालत नव्हतो. वरच्या बाजूला एक पाटी आहे. १८८१ च्या जानेवारीत व्हिजिटर नावाचं जहाज इथं बुडत होतं, समुद्र इतका खवळलेला की व्हिटबीहून लाइफबोट पाण्यातून आणता येईना. मग ती जमिनीवरून आणली, सहा मैल, सात-सात फूट बर्फातून, १८ घोडे आणि दोनशे माणसं, पुढे फावडी घेतलेली माणसं रस्ता करत. खालच्या उतारावरून दोरांनी पाण्यात सोडली आणि जहाजावरची माणसं वाचवली. त्या उतारावर मी आपली रेलिंग धरून उतरत होते.

खाली बे हॉटेल, पब अगदी पाण्यालगत, भरतीला लाटा भिंतीला लागतात. पूर्ण वाट करणारे इथं बूट समुद्रात बुडवतात, सेंट बीजहून आणलेला खडा फेकतात आणि आत जाऊन वहीत नाव लिहितात. आम्ही बूट बुडवले, चिखल धुवायला. वहीत नाव लिहायचं का ह्यावर ताई आणि मी थोडा वाद घातला, त्यांचं म्हणणं फक्त "मूर पूर्ण" असं लिहून टाकू, माझं म्हणणं की ती वही त्यांची आहे. मग त्यांनी हाफ पाइंट घेतली, मी जिंजर बीअर, आणि दोघींत एक मोठी प्लेट चिप्स, व्हिनेगर घालून.

व्हिटबीची बस गावाच्या वरच्या टोकाला सुटते. म्हणजे आत्ता उतरून आलो तो सगळा चढ परत. ताई म्हणाल्या सव्वासहाची जाईल, चल. मी म्हणलं पावणेआठची पण असेल की, आणि आणखी चिप्स मागवल्या.